दारापाशी उभा राहिलेला इतितौयांग: बॅफिन बेटावरच्या एका हंसिणीच्या संसाराचं प्रकरण

देवमासा मारून झालाय आणि सगळं गाव कामाला जुंपलंय. मांसाचे आणि चरबीचे भलेथोरले तुकडे पाडायचे, झोपड्यांपर्यंत वाहून न्यायचे, असं चाललंय. एक बाई मात्र नुसतीच बाजूला उभी आहे. नवरा हाक मारतो, बाकीच्या बायकांसारखा हात लाव म्हणतो. ती म्हणते, “माझं अन्न समुद्रातलं नाही, माझं अन्न जमिनीवरचं आहे. मी देवमाशाचं मांस खाणार नाही आणि मदतही करणार नाही.” तो म्हणतो, “देवमासा खावाच लागेल. त्यानंच पोट भरेल.” तिला रडू फुटतं. “मी नाही खाणार. माझे पांढरे छान कपडे मी घाण करून घेणार नाही.” मग ती किनाऱ्यावर उतरते आणि खाली बघत काहीतरी शोधू लागते. थोड्या वेळानं लोक ओरडतात, “इतितौयांग, तुझी बायको उडून चालली!”

ती खरोखरच उडून चाललेली असते, कारण ती मूळची हंसी आहे.

पक्षीण माणसाची बायको होते आणि एक दिवस निघून जाते, ही गोष्ट ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत इनुइट लोकांत, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांत, सांगितली जाते. जगभरच्या लोककथांत तिची भावंडं आहेत. त्या सगळ्यांचा आढावा मी इथे घेणार नाही. एकच कथन घेऊन त्यातला संसार का मोडला हे बघायचं आहे. या गोष्टीबद्दल सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की चोरलेला पिसांचा पेहराव बायकोला सापडतो आणि ती जाते. या कथनाला ते उत्तर लागू पडत नाही. म्हणूनच हे प्रकरण वेगळं काढून बघण्यासारखं आहे.

मजकूर कुठून आला

फ्रान्झ बोआस १८८३ च्या उन्हाळ्यात जर्मनीहून निघाला तेव्हा पंचविशीचा होता. कील विद्यापीठात त्यानं पाण्याच्या रंगावर डॉक्टरेट केली होती आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर त्याला मुख्यतः नकाशे करायचे होते. कंबरलँड साउंड नावाच्या लांबलचक खाडीत केकर्तेन बेटावर स्कॉटिश देवमासेमाऱ्यांचं ठाणं होतं, तिथे त्याचा मुक्काम पडला. त्या हिवाळ्यात खाडीतल्या वस्त्यांत घटसर्पानं माणसं दगावली आणि रोगानं कुत्रीही मेली. कुत्री गेली म्हणजे गाड्या थांबल्या, प्रवास थांबला. नकाशासाठी आलेला हा तरुण लोकांच्या घरांत बसून त्यांच्या गोष्टी, गाणी आणि नियम लिहून घेऊ लागला, आणि पुढे मानववंशशास्त्राचा मोठा अभ्यासक झाला. त्याचा वृत्तांत अमेरिकेच्या वंशविज्ञान विभागाच्या अहवालात १८८८ साली छापून आला. इतितौयांगची गोष्ट त्यात जेमतेम तीन-चार पानांची आहे.

आपल्यापुढे आहे तो इंग्रजीत छापलेला मजकूर. एका रात्री एका घरात ती कशी सांगितली गेली, कुठे आवाज चढला, कुठे ऐकणारे हसले, हे त्यात उतरलेलं नाही. त्यामुळे एखाद्या शब्दावर फार भार न टाकता प्रसंगांच्या मांडणीवर भर द्यावा असं मला वाटतं. कथन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलं तरी मांडणी बरीचशी टिकते, आणि या गोष्टीची मांडणी फार विचारपूर्वक झालेली आहे.

घडलं ते असं

इतितौयांग हा लग्नाच्या वयाचा तरुण. गावातल्या एका अनाथ मुलीशी त्याला लग्न करायचंय, पण स्वतः बोलायचा धीर होत नाही. तिचा धाकटा भाऊ झोपडीपुढे खेळतोय. तो त्याला आत पाठवतो. मुलगी नाव विचारते. नाव कळल्यावर म्हणते, असल्या घाणेरड्या नावाच्या माणसाशी मी लग्न करणार नाही. (नाव खरंच लाजिरवाणं आहे. गुदद्वारासाठीच्या शब्दावरून ते बनलंय.) इतितौयांग मुलाला पुन्हा पाठवतो: सांग तिला, माझं दुसरं नाव नेत्तिरसुआक्जुंग आहे. पोरगं आत जाऊन सांगतं, “इतितौयांग दारापाशी उभा आहे, त्याला तुझ्याशी लग्न करायचंय.” पुन्हा नकार, पुन्हा निरोप, आणि पोराच्या तोंडी पुन्हा तेच नाव. शेवटी तो संतापून गावच सोडतो आणि डोंगरदऱ्यांतून कित्येक दिवस-रात्री आतल्या मुलखात चालत राहतो.

पोचतो तो पक्ष्यांच्या देशात. एका छोट्या तळ्यात हंस पोहताहेत आणि काठावर बुटांची रांग आहे. तो सरपटत जाऊन हाताला लागतील तेवढे बूट उचलतो. हंस बाहेर येतात, बूट नाहीत म्हणून घाबरतात आणि उडून जातात. एकटी एक मागे राहून रडते: माझे बूट द्या, माझे बूट द्या. तो पुढे येऊन म्हणतो, माझी बायको होशील तर देतो. ती नाही म्हणते. तो बूट घेऊन पाठ फिरवतो तेव्हा नाइलाजानं हो म्हणते. बूट पायात घालताच ती बाई होते.

दोघं समुद्रकाठच्या एका मोठ्या गावात जाऊन राहतात. त्यांना मुलगा होतो. इतितौयांग तिथला सगळ्यांत तरबेज देवमासेमार म्हणून मान मिळवतो. मग तो देवमाशाचा दिवस येतो. बायको किनाऱ्यावर पिसं शोधते, मिळालेली थोडीशी पिसं आपल्या आणि मुलाच्या बोटांच्या फटींत खोचते आणि दोघं हंस होऊन निघून जातात.

इतितौयांग तिच्यासाठी रडतो. घरातल्या मांसाकडे किंवा किनाऱ्याजवळ फवारे सोडणाऱ्या देवमाशांकडे त्याचं लक्ष लागत नाही. तो पुन्हा आतल्या मुलखाकडे निघतो. कित्येक महिन्यांनी एका नदीकाठी त्याला कुऱ्हाडीनं लाकूड तासणारा एक माणूस दिसतो. तासून पडलेल्या ढलप्या हा माणूस घासून गुळगुळीत करतो आणि त्यांचे मासे होऊन हातांतून निसटत पाण्यात जातात. त्याचं नाव एकालुक्जुंग, म्हणजे छोटा मासा. (इंग्रजी मजकुरात सॅल्मन म्हटलंय. बॅफिनच्या नद्यांतला तो मासा म्हणजे आर्क्टिक चार.) या माणसाची पाठ पूर्ण पोकळ आहे. मागून बघितलं तर थेट तोंडातून पलीकडचं दिसतं. इतितौयांग भीतीनं अर्धमेला होतो, गुपचूप मागे सरतो आणि मोठा वळसा घालून समोरून येतो. “कुठल्या बाजूनं आलास?” असं विचारल्यावर तो समोरची बाजू दाखवतो. “नशीब तुझं. पाठ बघितली असतीस तर या कुऱ्हाडीनंच मारला असता.”

बायको सरोवरातल्या बेटावर आहे आणि तिनं दुसरा नवरा केलाय, हे त्याला याच माणसाकडून कळतं. तो त्याला माशाच्या पाठीचा कणा देतो: डोळे मीट, याची कयाक होईल, पण डोळे उघडू नकोस. पाण्याचा आवाज येत नाही म्हणून इतितौयांग जरासे डोळे किलकिले करतो. कयाक हेलकावायला लागते आणि बुडाखाली पुन्हा कणा जाणवतो. तो घट्ट डोळे मिटतो आणि बेटाला लागतो.

काठावर मुलगा खेळतोय. तो आत धावत जातो: आई, बाबा आलेत. आई म्हणते, जा, खेळ जा, तुझे बाबा लांब आहेत, त्यांना आपण सापडणार नाही. मुलगा पुन्हा येतो, पुन्हा बाहेर धाडला जातो. तिसऱ्यांदा तो सांगतो न सांगतो तोच इतितौयांग दार उघडतो. नवा नवरा बायकोला कोपऱ्यातली पेटी उघडायला सांगतो. पेटीतून पिसं उधळतात आणि तिघांच्या अंगाला चिकटतात. तिघंही हंस होतात आणि झोपडी नाहीशी होते. ती उडणार एवढ्यात इतितौयांग संतापानं बायकोचं पोट फाडतो. त्यातून पुष्कळ अंडी खाली पडतात. मजकूर तिथेच थांबतो.

बूट

या गोष्टीत चोरी आहे, पण चोरलेली वस्तू लपवून ठेवलेली नाही. तिचे बूट तिला लगेच परत मिळतात, ते घालूनच ती बाई होते, आणि पुढची काही वर्षं ते तिच्याच पायात असतात. त्यामुळे पेटाऱ्यात दडवलेला पेहराव मुलाला सापडतो, आई तो घालते आणि जाते, हे नेहमीचं वळण इथे येण्याची शक्यताच नाही. आणखी एक बारकावा असा, की बाकीचे हंस बूट नसतानाही उडून गेले. म्हणजे उडण्यासाठी बूट लागत नव्हते. ही एकटीच त्यांच्यासाठी थांबली.

बॅफिन बेटावर बूट ही किती मोलाची गोष्ट आहे ते लक्षात घ्यायला हवं. सीलच्या कातड्याचे, पाणी शिरू नये म्हणून बायकांनी बारीक दुहेरी टाक्यांनी शिवलेले बूट म्हणजे पाय आणि थंडी यांच्यातलं एकमेव संरक्षण. ओल्या पायांनी दूर गेलेला माणूस परत येईलच असं नाही. त्यामुळे “माझे बूट द्या” हे रडणं तिथल्या ऐकणाऱ्याला पोरकट वाटत नाही.

आणि जाताना तिला काय लागलं? समुद्रकाठी पडलेली चार पिसं. ती तिची स्वतःचीही नव्हती, कुठल्याही पक्ष्याची होती. जिथे पक्षी आहेत अशा कुठल्याही किनाऱ्यावर उन्हाळ्यात पिसं पडलेली असतातच. म्हणजे ती कुठल्याही वर्षी, कुठल्याही दिवशी जाऊ शकत होती. मला हे या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं तथ्य वाटतं. ती नाइलाजानं दिलेल्या शब्दाला धरून राहिली होती. चोरीनं संसार सुरू झाला हे खरं, पण चोरीनं तो टिकवून धरला नव्हता. म्हणून तो मोडायला कारण काय झालं, हे बघायला त्या देवमाशाच्या दिवसाकडेच परत जावं लागतं.

कुठलं अन्न, कुणाचं

समुद्राचं आणि जमिनीचं अन्न वेगळं ठेवणं हा तिच्या एकटीचा हट्ट नव्हता. खाडीतल्या लोकांचा तो पक्का नियम होता, आणि बोआसनं त्याच पुस्तकात तो नोंदवलाय. कॅरिबूचं, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरचं मांस आणि समुद्री प्राण्याचं मांस एकाच दिवशी खायचं नाही. कॅरिबूच्या कातड्याचे हिवाळी कपडे समुद्री शिकारीचा हंगाम लागण्याआधी शिवून संपवायचे. आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्यांना अशा नियमांची शिस्त समजायला जड जाणार नाही. फरक इतकाच, की तिथे वाट्याला शिकार येते की उपासमार, हे या नियमांवर अवलंबून होतं.

नियमामागे सेदना, समुद्राची मालकीण, आहे. तिची कथाही त्याच संग्रहात आहे आणि या गोष्टीची ती जणू उलटी बाजू आहे. तिथे माणसाची मुलगी पक्ष्याची बायको होते. एक फुल्मार, समुद्रावरचा पक्षी, तिला पक्ष्यांच्या देशात बोलावतो. तिथे भूक नाही, तंबू सुंदर कातड्यांचा आहे, दिव्यात तेल कधी आटत नाही, असं तो सांगतो. पोचल्यावर दिसतो माशांच्या कातड्यांचा भोकाभोकांचा तंबू, अंथरायला वॉलरसचं टणक कातडं आणि खायला बेचव मासे. पुढच्या वर्षी बाप येऊन फुल्मारला मारतो आणि मुलीला होडीत घालून निघतो. फुल्मार वादळ उठवतात. घाबरलेला बाप मुलीला पाण्यात ढकलतो आणि होडीची कड धरून राहिलेली तिची बोटं पेरापेरानं छाटतो. पहिल्या पेरांचे देवमासे होतात, पुढच्यांचे सील. सेदना समुद्राच्या तळाशी जाते आणि तिथल्या सगळ्या प्राण्यांची मालकीण होते.

दोन्ही गोष्टी एकाच खाडीतल्या आहेत आणि एकाच माणसानं उतरवून घेतल्या आहेत. त्या शेजारी ठेवल्या की इतितौयांगच्या “खावाच लागेल” या शब्दांचं वजन वाढतं. हंसीपुढे येणारा देवमासा म्हणजे पक्ष्याशी लग्न करून फसलेल्या एका मुलीच्या छाटलेल्या बोटांतून जन्मलेला जीव. सांगणारा हे दोन धागे जोडून दाखवत नाही. त्याला गरजही नव्हती, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला सेदना माहीत होती.

इतितौयांगची बाजूही नीट मांडायला हवी. तो दुष्ट नवरा नाही. ज्या नावापायी त्याला आपलं गाव सोडावं लागलं, ते झाकण्याइतका मान त्यानं या नव्या गावात कमावला होता, आणि सगळा समुद्रातून कमावला होता. देवमासा मिळणं हा अख्ख्या गावाचा दिवस. घरातला कुल्लिक, म्हणजे दगडी दिवा, समुद्री प्राण्यांच्या चरबीवर जळतो. त्यावरच बर्फाचं पाणी होतं आणि त्यावरच कपडे वाळतात. एका देवमाशाची चरबी म्हणजे कितीतरी काळोख्या महिन्यांची सोय. अशा दिवशी सगळ्या गावादेखत त्याची बायको बाजूला उभी राहते आणि म्हणते, हे मला घाण करतं. पहिल्या मुलीनं नावाला घाणेरडं म्हटलं होतं. या बायकोनं त्याच्या कमाईला म्हटलं. “त्यानंच पोट भरेल” हे तो प्रेमानंही म्हणाला असेल. पण तिला जे हवं आहे ते भरलेल्या पोटात बसणारं नाही. तिनं इतकी वर्षं त्याच्या घरात काय खाल्लं याबद्दल गोष्ट काहीच सांगत नाही. मला वाटतं, तोवर तिला जबरदस्तीनं काही खायला लावलं नव्हतं, म्हणून तोवर ती राहिली.

तळं आणि पिसं

पांढरे कपडे म्हटल्यावर बॅफिन बेटावरचा पहिला पक्षी डोळ्यांपुढे येतो तो हिमहंस, इनुक्तितुत या इनुइटांच्या भाषेत कांगुक. अंग पांढरंशुभ्र, पाय गुलाबी आणि पंखांची टोकं काळी. बोटांच्या फटींत पिसं खोचण्याची क्रिया मला इथे फार अचूक वाटते. पंखाच्या टोकाची लांब उड्डाणपिसं जिथे असतात तिथेच, म्हणजे हाताच्या बोटांतच, ती पिसं खोचते. नाथसागरावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हंसाच्या पंखाचं ते टोक आठवेल.

हिमहंस मे-जूनमध्ये उत्तरेला येतात, जमिनीवरच घरटं करतात आणि उन्हाळा संपता संपता दक्षिणेकडे परत जातात. मधल्या काळात, पिल्लं वाढत असताना, मोठ्या पक्ष्यांची उड्डाणपिसं एकदमच गळतात. साधारण तीन आठवडे त्यांना उडताच येत नाही. ते तळ्याकाठी राहतात आणि चाहूल लागली की पाण्यात शिरतात. काठावर पिसांचा खच पडतो. या दिवसांत इनुइट शिकारी त्यांना घेरून दगडी कुंपणांत हाकत नेत. पंख असूनही जमिनीला बांधलेला हंस, आणि काठावर पडलेला त्याचा पेहराव, हे दृश्य तिथल्या माणसानं दर उन्हाळ्यात पाहिलेलं होतं. गोष्ट त्या दृश्यातूनच उगवली असं मी म्हणणार नाही. हंसाच्या पेहरावाची कल्पना फार दूरवर पसरलेली आहे. पण ती या मुलखात इतकी सहज का रुजली, याचं उत्तर त्या तळ्यांच्या काठी आहे. पिसांसकट कातडी हा कपडा असतो, हेही तिथे कल्पनेतलं नव्हतं. हडसन बेमधल्या बेलचर बेटांवरचे लोक आयडर बदकांच्या कातड्यांचे कोट शिवून अंगात घालत.

पक्ष्यांचा देश कुठे, याचाही अंदाज बांधता येतो. कंबरलँड साउंडचे लोक उन्हाळ्यात कॅरिबूच्या शिकारीसाठी खाडी सोडून पश्चिमेला नेत्तिलिंग सरोवराकडे जात. जगातल्या कुठल्याही बेटावरचं ते सर्वांत मोठं सरोवर आहे. त्याच्या पलीकडे, फॉक्स बेसिनच्या काठाला, सपाट पाणथळ मैदान पसरलंय आणि तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या हंस-वसाहतींपैकी एक आहे. हिमहंसाचा एक निळसर प्रकार आहे, तो घरटी कुठे करतो हे पक्षीशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाची पहिली तीन दशकं सापडत नव्हतं. ड्यूई सोपर या कॅनडाच्या निसर्गशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं शोध घेतला आणि इनुइट लोकांनी सांगितलेल्या जागेवर जाऊन जून १९२९ मध्ये ती घरटी पाहिली. १९५७ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं. “डोंगरदऱ्यांतून आतल्या मुलखात” चालत गेलेला इतितौयांग हंसांच्या तळ्यावर पोचतो, ते ज्या खाडीत ही गोष्ट सांगितली गेली तिथून बघता अगदी बरोबर दिशेनं.

तिचं मुलाला बरोबर नेणंही, म्हणजे तिनं आधी स्वतःच्या आणि लगेच मुलाच्या बोटांत पिसं खोचणंही, हंसांच्या जगण्याशी जुळतं. हिमहंसांची जोडी दीर्घकाळ टिकते आणि पिल्लं पहिला हिवाळा आईबापांबरोबरच काढतात. हंसी पिल्लाला मागे टाकून जात नाही. अनेक ठिकाणच्या अशा गोष्टींत आई मुलांना टाकून जाते आणि ऐकणाऱ्याचा जीव तिथे तुटतो. इथे मुलगा तिच्याबरोबर आहे.

इतर कथनकार

इनुइट मुलखातच ही गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी सांगतात. ग्रीनलंडच्या संग्रहात, जो हिन्रिक रिंकनं १८६६ साली छापला, समुद्रपक्षिणीला दोन मुलगे आहेत आणि ती त्यांच्याकडूनच पिसं गोळा करून घेते. मध्य आर्क्टिकमध्ये ही गोष्ट किविउकच्या भटकंतीचा भाग आहे. किविउक हा त्या मुलखाचा थोर भटक्या. क्नूड रासमुसेननं १९२१ ते १९२४ च्या प्रवासात त्याच्या कथा टिपल्या. २००४ साली जॉन ह्यूस्टन आणि किरा व्हॅन ड्यूसेन यांनी नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशात फिरून सुमारे ४० ज्येष्ठांकडून त्या पुन्हा ऐकल्या. किविउक अजून जिवंत आहे असं सांगणारे तिथे आहेत. त्याच्या हंसी-बायकोला सासू आहे, आणि ती सुनेला तिच्या गवत खाण्यावरून टोचून बोलते. भांडण पुन्हा ताटातल्या अन्नाचंच, फक्त इतितौयांगच्या गोष्टीत ते नवऱ्याच्या तोंडी येतं. मासे घडवणारा माणूस या सगळ्यांत कुठे ना कुठे असतोच.

आपल्याला इथे उर्वशी आठवल्याखेरीज राहत नाही. शतपथ ब्राह्मणात पुरूरवा तिला शोधत कुरुक्षेत्रातल्या कमळांच्या तळ्यावर येतो तेव्हा ती सख्यांबरोबर जलपक्षिणीच्या रूपात पोहत असते. ऋग्वेदातल्या त्या दोघांच्या संवादामागे नायकाच्या बळीचा विधी आहे असं गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून काम केलेल्या दा. ध. कोसंबींनी मांडलं होतं. ती चर्चा इथे नको, पण एक गोष्ट तुलनेनं उठून दिसते. ऋग्वेदात ती दोघं बोलतात. मी वाऱ्यासारखी हाती न येणारी आहे, असं उर्वशी त्याला तोंडावर सांगते, आणि तो ऐकतो. बेटावरच्या झोपडीत इतितौयांग आणि त्याची बायको एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत.

दार

पाठ पोकळ असलेल्या माणसाचा प्रसंग बायकोच्या शोधाला उगाच जोडलाय असं पहिल्या वाचनात वाटतं. मी तो आता वेगळा वाचतो. ज्याचं नावच शरीराच्या मागच्या भोकाचं, त्याला मागून आरपार दिसणारा माणूस भेटतो. त्याची लाज इतितौयांगला पुरती दिसते, पण तो वळसा घालून समोरून येतो आणि काही दिसलंच नाही असं दाखवतो. त्याच्या स्वतःच्या नावाच्या बाबतीत पहिल्या मुलीनं असं केलं नव्हतं. एका अनोळखी माणसाची लाज सांभाळायला त्याला जमतं आणि त्याचं फळ म्हणून वाट मिळते. मग त्याच माणसानं घातलेली अट, डोळे मिटून ठेवण्याची, तो क्षणभर मोडतो आणि थोडक्यात वाचतो.

बेटावर पोचल्यावर सुरुवातीचाच देखावा पुन्हा उभा राहतो. झोपडीपुढे खेळणारं एक पोर, आत एक बाई, बाहेर इतितौयांग. पोर तीनदा आत जाऊन सांगतं आणि बाई दोनदा त्याला परत पाठवते. सुरुवातीला ते पोर तिचा भाऊ होतं, आता ते त्याचा स्वतःचा मुलगा आहे. तेव्हा निरोप ऐकून घेतला जात होता, आता आईला तो पटतही नाही. तेव्हा नकार मिळाल्यावर तो रागावला, पण दाराबाहेरूनच परत फिरला. या वेळी तो नकाराची वाट बघत नाही. दार तोच उघडतो.

आणि मग ती सुरी. तिनं म्हटलं होतं, माझं अन्न जमिनीवरचं. जून महिन्यात हंसांची घरटी गाठून अंडी गोळा करणं हा तिथल्या माणसांचा जमिनीवरच्या अन्नाचा एक वाटा आहे. झोपडी नाहीशी झालेली, मुलगा नव्या बापाबरोबर हवेत, आणि इतितौयांगच्या पायांपाशी अंडी पसरलेली.